अभिप्राय मागवला, उत्तराचे काय?

सरकारी संकेतस्थळावर एखादी नवी सोय सुरू झाली की तिच्याखाली 'आपल्या सूचना कळवा' अशी एक ओळ हमखास येते. ओळ चांगलीच आहे. राज्यकर्त्याने लोकांना विचारावे, एवढीच तर लोकशाहीत आपली अपेक्षा असते. पण विचारणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वक्फ मिळकतींच्या ऑनलाइन नोंदणीमुळे त्यांच्यातले अंतर आपल्या अगदी दारात येऊन उभे राहिले आहे. म्हणून आज या विषयावर वाचकांशी बोलायचे आहे.

केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाने ६ जून २०२५ रोजी 'उमीद' हे पोर्टल सुरू केले. त्यात काय काय नवे आहे ते मंत्रालयाने सांगितले. देशभरातल्या वक्फ मिळकतींची एकच डिजिटल यादी होईल. प्रत्येक मिळकतीचे ठिकाण नकाशावर अक्षांश-रेखांशासह दिसेल. भाडेपट्ट्यांची माहिती उघड राहील, तपासलेल्या नोंदी कोणालाही पाहता येतील आणि तक्रारीही ऑनलाइन सोडवल्या जातील. नोंदणीच्या तीन पायऱ्या ठरल्या. मुतवल्लीने माहिती भरायची, वक्फ मंडळाच्या माणसाने ती तपासायची आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने मंजूर करायची. त्यासाठी मुदत मिळाली सहा महिन्यांची.

मी या सोयींच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ज्या कायद्यातून हे पोर्टल आले, त्या २०२५ च्या दुरुस्ती कायद्यावर माझे गंभीर आक्षेप आहेत. तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने त्यातल्या काही तरतुदींना स्थगितीही मिळाली आहे. पण नोंदणीची अट न्यायालयाने रोखलेली नाही. शिवाय खरे सांगायचे तर, वक्फची नोंद चोख असावी ही मागणी सरकारच्या आधी आपणच करायला हवी होती. २००६ साली सच्चर समितीने लिहून ठेवले आहे की देशातल्या वक्फ मिळकतींची बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी रुपये धरता येईल आणि त्यांचा नीट वापर झाला तर वर्षाला १० टक्के, म्हणजे १२ हजार कोटी रुपये उत्पन्न मिळू शकेल. तेवढ्या पैशात किती मुलींची वसतिगृहे चालली असती, किती दवाखाने उभे राहिले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. कोणत्या पेठेतले दुकान कोणाला किती भाड्याने दिले आहे, हे नमाजला येणाऱ्या प्रत्येकाला मोबाइलवर दिसणार असेल, तर त्याला विरोध करायचे मला तरी काही कारण दिसत नाही.

प्रश्न पुढचा आहे. ६ डिसेंबर २०२५ रोजी मुदत संपली, तेव्हा मंत्रालयाने स्वतःच आकडे दिले. पोर्टलवर ५ लाख १७ हजार ४० मिळकतींची नोंद सुरू झाली होती. त्यातल्या २ लाख १६ हजार ९०५ मंजूर झाल्या. २ लाख १३ हजार ९४१ भरून झाल्या होत्या, पण पुढच्या टप्प्यावर अडकल्या होत्या. १० हजार ८६९ नामंजूर झाल्या. या तिन्हींत न बसणाऱ्या सुमारे ७५ हजार नोंदी उरतात. महाराष्ट्रातून ६२ हजार ९३९ मिळकतींची नोंद सुरू झाली होती. आता याच मंत्रालयाचा जुना आकडा शेजारी ठेवा. आधीच्या 'वाम्सी' या संगणकीय यादीत देशभरात ८ लाख ७२ हजार वक्फ मिळकती होत्या. म्हणजे दोन याद्यांत साडेतीन लाखांहून अधिक मिळकतींचा फरक आहे. काही ठिकाणी जुनी नोंद दुबार झालेली असेल, काही ठिकाणी चार तुकडे एकत्र धरले गेले असतील. पण हा फरक कशामुळे पडला, हे तालुकावार आणि कारणवार कोणीतरी सांगितले पाहिजे. एखाद्या बँकेच्या खातेवहीतून साडेतीन लाख खाती कमी दिसली असती, तर बँकेने ग्राहकांना 'सूचना कळवा' म्हटले नसते, आधी खुलासा केला असता.

आता मुतवल्लीच्या बाजूने हे काम पाहू. कायद्याने विचारलेली माहिती अशी: मिळकतीची ओळख आणि चतुःसीमा, तिचा वापर, ताबा कोणाकडे, वक्फ करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, वक्फ कोणत्या रीतीने आणि कोणत्या तारखेला झाला, उपलब्ध असेल तर वक्फनामा, सध्याचा मुतवल्ली, वार्षिक उत्पन्न, सारा आणि कर, कोर्टात काही चालू आहे का. शहरातल्या नोंदणीकृत ट्रस्टला यातले बरेचसे देता येते. पण करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, शिरोळच्या खेड्यातली कबरस्ताने आठवून पाहा. गावाने पिढ्यान्पिढ्या जिथे माती दिली ती ही जागा. ती देणाऱ्याचे नाव आजोबांनाही माहीत नव्हते, त्याचा पत्ता कुठून आणणार? सातबाऱ्यावर कुठे 'देवस्थान इनाम वर्ग ३' लिहिलेले, कुठे नुसते 'कबरस्तान', तर कुठे जुन्या एखाद्या खिदमतगाराचे नाव आणि त्याखाली फेरफाराची लांबलचक ओळ. शहरात सातबारा नाही, मिळकत पत्रिका आहे. तिच्यावरचा सिटी सर्व्हे नंबर आणि वक्फ मंडळाच्या जुन्या राजपत्रातला नंबर जुळतीलच असे नाही.

मी स्वतः अशा एका खेड्यातल्या वयस्कर मुतवल्लींसोबत त्यांची कागदपत्रे लावायला बसलो होतो. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात मोडी लिपीतली एक सनद होती, संस्थानकाळातल्या दोन पावत्या होत्या आणि विड्याच्या पानासारखा चुरगळलेला एक नकाशा. "बेटा, वडिलांनी सांगितलं होतं की हे कागद जिवापाड जपायचे. आता हे मोबाइलमध्ये कसे घालायचे ते तू सांग," ते म्हणाले. त्यांनी कागद अमानत म्हणून जपले होते. त्यांना ते वाचता येत नव्हते, मलाही मोडी येत नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातली मोडी दप्तरे आहेत, शहरात मोडीचे जाणकारही आहेत. पण त्या खेड्यातून तिथवर जायचे, नक्कल मिळवायची, लिप्यंतर करून घ्यायचे आणि हे सगळे सहा महिन्यांत बसवायचे, हे ज्यांनी मुदत ठरवली त्यांच्या डोळ्यांसमोर आले असेल का? 'कागद मोडीत आहे, लिप्यंतर बाकी आहे' एवढे नोंदवायला एक रकाना हवा होता. हा अभिप्राय कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांतून गेला असता तर मंत्रालयाचे काही बिघडले नसते. पण तो पोर्टल बांधण्याआधी विचारायला हवा होता. घर बांधून झाल्यावर पाया कसा हवा, असे कोणी विचारत नाही.

मत मागवण्याचा मोठा प्रयोगही याच विषयात झालेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वक्फ विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीने जाहिरात देऊन जनतेच्या सूचना मागवल्या. मग काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. मशिदींच्या दारांवर क्यूआर कोड लागले. विधेयकाच्या समर्थकांनीही तसेच अभियान चालवले. तयार मजकूर, एक बटण दाबले की ईमेल गेला. समितीकडे ९७ लाखांहून अधिक निवेदने पोचली. एवढी निवेदने वाचणार कोण? शुक्रवारच्या नमाजनंतर बटण दाबून आपल्याला कर्तव्य केल्यासारखे वाटले, पलीकडच्या बाजूलाही तसेच वाटले असेल. त्या महापुरात मोडी सनदेबद्दल चार ओळी लिहिणारा एखादा जाणकार असेल, तर त्याचे पत्र कुठल्या कुठे वाहून गेले असणार. मते मोजायची असतील तर निवडणूक आहे. सूचना वाचायच्या असतात, आणि वाचल्याची खूण म्हणजे उत्तर.

हे उत्तर मागणे म्हणजे सरकारकडे मेहेरबानी मागणे नव्हे. २०१४ साली केंद्र सरकारनेच विधेयकपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले. कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, त्याचा लोकांच्या जगण्यावर आणि हक्कांवर काय परिणाम होईल ते सांगायचे आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकायचा, असे ते धोरण सांगते. माहिती अधिकार कायदा २००५ तर आणखी पुढे जातो. त्याच्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित माहिती प्रसिद्ध केली पाहिजे, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे दिली पाहिजेत आणि ही माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार केला पाहिजे. पोर्टलवरचा एखादा रकाना बदलणे म्हणजे काही कायदा करणे नव्हे, हे मला कळते. पण त्या रकान्यावर एखाद्या कबरस्तानाची नोंद मंजूर होणार की नामंजूर, हे ठरणार असेल तर हाच शिष्टाचार तिथेही पाळायला हवा.

चांगली सरकारी माहिती कशी असते, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आपण घड्याळासारखी पाहतो. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. किती वाजता किती फूट किती इंच, कोणते बंधारे पाण्याखाली, कोणता रस्ता बंद, हे सगळे मराठीत आणि दिवसातून अनेकदा मिळते. २०१९ चा महापूर अनुभवलेला माणूस त्या आकड्यावर घरातले सामान माळ्यावर चढवतो. त्या माहितीला सजावट नाही, पण तिच्यावर माणूस निर्णय घेऊ शकतो. वक्फच्या पोर्टलकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. माझ्या गावच्या ईदगाहची नोंद कुठे अडकली आहे, कशामुळे अडकली आहे, कोणता कागद दिला की ती सुटेल आणि कोणत्या तारखेपर्यंत, या चार गोष्टी साध्या मराठीत दिसल्या पाहिजेत. 'नामंजूर' हा एक शब्द पुरेसा नाही.

अंतराचा प्रश्नही आहेच. मुदत वाढवून देण्याची विनंती १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा ज्यांना अडचण आहे त्यांनी वक्फ न्यायाधिकरणाकडे जावे, असे न्यायालयाने सांगितले. कायद्यात तशी सोय आहे, हे खरे. त्यानंतर मंत्र्यांनी तीन महिने दंड किंवा कडक कारवाई करणार नाही असे जाहीर केले, तेही चांगलेच. पण वक्फ मंडळाचे मुख्यालय आणि न्यायाधिकरण छत्रपती संभाजीनगरला. शिरोळ किंवा चंदगडच्या मुतवल्लीला शेकडो किलोमीटर जायचे, वकील द्यायचा, मुक्काम करायचा आणि हे सगळे बहुधा दोन गुंठ्यांच्या कबरस्तानासाठी. न्याय जवळ असला पाहिजे म्हणून कोल्हापूरने चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाले. ज्या शहराने हे करून दाखवले, त्या शहरातून न्यायाधिकरणाची सुनावणी ऑनलाइन घ्या किंवा जिल्ह्यात शिबिर लावा, अशी मागणी एका आवाजात जायला हवी. पोर्टलमध्ये खरोखर नवी सोय जोडायची असेल तर ही जोडा.

अभिप्राय फक्त मुतवल्लीचा घेऊन भागणार नाही, हेही नोंदवतो. वक्फच्या दुकानात तीस वर्षे बसलेला भाडेकरू, दर्ग्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्ती मिळू शकली असती अशी मुलगी, कबरस्तानाला लागून शेत असलेला शेजारी, हे सगळे या नोंदीचे साक्षीदार आहेत. आपल्या जिल्ह्यात तर शेजारी बहुतेक वेळा हिंदू असतो आणि दर्ग्याची खडानखडा माहिती त्याला असते. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो, ही काही ऐकीव गोष्ट नाही, सारा जिल्हा जाणतो. जिथे जगणे इतके एकमेकांत गुंतलेले आहे, तिथे वक्फची नोंद हा फक्त 'त्यांचा' विषय राहत नाही. चतुःसीमा बरोबर लिहिली गेली की भांडण कमी होते, मुसलमानाचे आणि मराठ्याचेही.

आता थोडे आपल्याबद्दल. सरकारने उत्तर द्यावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण आपल्या मशिदीच्या विश्वस्तांना एखाद्या तरुणाने जमाखर्च विचारला तर त्याला काय उत्तर मिळते? अनेक ठिकाणी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, "कालचा पोर आम्हाला हिशेब विचारतो" असे ऐकवले जाते. मशवरा हा आपल्या दीनचा भाग आहे, असे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि कमिटीच्या बैठकीला तो दाराबाहेर ठेवतो. बायकांना तर विचारण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या जमातीने दर वर्षी जमाखर्चाचा तक्ता मशिदीच्या फळ्यावर लावला असेल, तिला पोर्टलची भीती वाटायचे कारण नाही. जिथे फळा कोरा आहे, तिथे आधी खडू उचलूया.

दुसरे, आपण तक्रार लिहायला शिकले पाहिजे. 'पोर्टल चालत नाही, समाजावर अन्याय होतो आहे' हे वाक्य खरे असले तरी त्यावर कोणताही कारकून काही करू शकत नाही. एका सरकारी संकेतस्थळावर मी मागे सविस्तर सूचना पाठवली होती. 'धन्यवाद' असा संदेश आला आणि पुढे काहीच नाही. तेव्हापासून मी पाठवलेल्या प्रत्येक मजकुराची तारीख आणि क्रमांक वहीत लिहून ठेवतो. आपणही तसेच करा. एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. मिळकतीचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर द्या. कोणत्या पानावर, किती वाजता, काय भरल्यावर काय संदेश आला ते लिहा, त्याचा फोटो जोडा. शेवटी तुम्हाला नेमके काय हवे आहे ते एका ओळीत सांगा. मंत्रालयाच्या पोर्टलवर उत्तर आले नाही तर केंद्राची 'सीपीग्राम्स' ही तक्रार यंत्रणा आहे. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो, २०२४ च्या सूचनांनुसार तक्रार निकाली काढण्याची मुदत २१ दिवसांची आहे आणि निकालाने समाधान झाले नाही तर अपीलही करता येते. त्यानेही भागले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

कोल्हापूरकर म्हणून एक जुना दाखला देतो. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध केला. तो आपण दर वर्षी आठवतो. त्याच आदेशातली एक बारीक तरतूद मात्र फारशी कोणी आठवत नाही. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचा होता. नुसत्या घोषणेवर महाराज थांबले नाहीत, घोषणेचे पुढे काय झाले हे सांगण्याची सक्ती त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांवर केली. संगणक नव्हता, इंटरनेट नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. चारच वर्षांनी, १९०६ साली, याच राजाच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले.

मंत्रालयाने नव्या सोयींबद्दल आमचे मत विचारले आहे, तर माझे मत असे आहे. तुमच्याकडे आलेल्या सूचनांचा तक्ता दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर लावा. किती आल्या, कोणत्या मान्य केल्या, कोणत्या नाकारल्या आणि का नाकारल्या, असे चार रकाने त्यात असू द्या. जिल्हावार अडकलेल्या आणि नामंजूर नोंदी कारणांसह त्याच्याखाली द्या. मोडी आणि फारसी कागदांसाठी वेगळी मुदत आणि जिल्ह्यात लिप्यंतराची सोय करा. आणि हे सगळे मराठीत द्या, कारण मुतवल्लीची पेटी मराठीत बोलते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती मिळकती मंजूर झाल्या, किती अडकल्या, किती नामंजूर झाल्या आणि कोणत्या कारणाने, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. तुमच्या गावच्या मशिदीची, दर्ग्याची, कबरस्तानाची नोंद झाली आहे का, हे येत्या जुम्याला विश्वस्तांना अदबीने विचारा आणि मला कळवा. अर्ज पाठवला की त्याची प्रत आणि उत्तर आले की ते उत्तर, दोन्ही वाचकांसमोर ठेवीन. उत्तर आले नाही, तर किती दिवस आले नाही तेही लिहीन.